हार्ड डिस्क गेली, लॅपटॉप नाही

जून उजाडला की खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावात सेवा केंद्रांवर गर्दी उसळते. बारावीचा निकाल लागलेला असतो, प्रवेशाच्या तारखा डोक्यावर असतात आणि उत्पन्नाचा, जातीचा, रहिवासाचा, नॉन-क्रिमीलेयरचा असे सगळे दाखले सगळ्यांना एकदमच हवे असतात. नेमका याच दिवसांत सहा-सात वर्षं राबलेला लॅपटॉप अंग टाकतो. बटण दाबून चहा प्यायला गेलं आणि परत आलं, तरी पडद्यावर वर्तुळ फिरतच असतं. ब्राउझर उघडता उघडत नाही. फाइल सेव्ह करताना सगळं गोठतं. आणि एक दिवस आतून बारीक पण ठाम आवाज येऊ लागतो: टक्, टक्, टक्.

दुरुस्तीवाला लॅपटॉप कानाशी धरतो आणि सांगतो, "हार्ड डिस्क गेली. एसएसडी टाकून घ्या." ती टाकल्यावर तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार होतो. प्रोसेसर तोच, रॅम तेवढीच, पडदा जुनाच. एकच सुटा भाग बदलला, तर एवढा वेग आला कुठून? आणि मधल्या काळात तो गेला होता कुठे? या प्रश्नांच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो, आणि केंद्रचालकाच्या, शिक्षकाच्या किंवा दुकानदाराच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा असतो: जुन्या डिस्कमधल्या फायलींचं काय?

ताशी ६६ किलोमीटरने धावणारी काच

लॅपटॉपमधली अडीच इंची हार्ड डिस्क तळहातावर मावते. तिचं धातूचं झाकण काढलं तर आत चेहरा दिसेल इतक्या चकचकीत एक-दोन चकत्या दिसतात. लॅपटॉपच्या डिस्कमध्ये त्या बहुधा काचेच्या असतात आणि त्यांच्यावर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. या थरात चुंबकत्वाची दिशा कुठे आणि कशी बदलते, यावरून ० आणि १ ओळखले जातात. लग्नाचा फोटो, टॅलीतला हिशेब, विद्यार्थ्याचा स्कॅन केलेला दाखला, सगळं शेवटी या दिशांच्या रूपात चकतीवर उतरलेलं असतं.

चकत्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. चकतीचा व्यास सुमारे ६५ मिलिमीटर असतो, तेव्हा तिची कडा ताशी ६६ किलोमीटर वेगाने धावत असते. एका हलत्या दांड्याच्या टोकाला वाचणारा आणि लिहिणारा सूक्ष्म भाग असतो. त्याला हेड म्हणतात. हेड चकतीला टेकत नाही. फिरत्या चकतीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या थरावर ते तरंगत राहतं आणि दोघांमध्ये फट असते अवघ्या काही नॅनोमीटरची. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. घरातल्या धुळीचा साधा कणही या फटीच्या शेकडो-हजारो पट मोठा असतो. म्हणून ही डिस्क कारखान्यात धूळमुक्त खोलीत जोडली जाते, आणि म्हणूनच ती घरी उघडून पाहणं म्हणजे आतल्या फायलींवर पाणी सोडणं.

हेड हवेवर तरंगत असल्यामुळे डिस्कला उंचीचीही मर्यादा असते. उत्पादक ती साधारण ३००० मीटर सांगतात. त्यावर हवा विरळ होते आणि हेडला पुरेसा आधार मिळत नाही. खुलताबादचं पठार काय किंवा शेजारचं सुमारे १००० मीटर उंचीचं म्हैसमाळ काय, दोन्ही या मर्यादेच्या पुष्कळ आत आहेत. इथे खरा घात करतो तो धक्का. काम अर्धवट सोडून चालू लॅपटॉप बॅगेत कोंबायचा आणि घाट उतरून दुचाकीवरून संभाजीनगरला न्यायचा, ही अनेकांची सवय. माहितीपत्रकांत अडीच इंची डिस्कची धक्का सोसण्याची क्षमता चालू असताना ३५० ते ४०० जी आणि बंद असताना १००० जीच्या आसपास दिलेली असते. मोकळी सोडलेली वस्तू पृथ्वीच्या ओढीने ज्या दराने वेग घेते, तो दर म्हणजे एक जी. डिस्क बंद होताना हेड चकतीवरून बाजूला होऊन आपल्या उतरत्या टेकणीवर जाऊन बसतं. म्हणून बंद डिस्क अडीच-तीन पट जास्त धक्का झेलते. चालू असताना तोच धक्का हेडला थेट चकतीवर आपटू शकतो.

पाच हजार बारीकसारीक कामं

हार्ड डिस्क सगळ्याच कामांत संथ नसते. एखादी मोठी चित्रफीत सलग वाचायची असेल तर ती सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग गाठते. अडचण येते ती चकतीभर विखुरलेल्या हजारो लहान तुकड्यांची.

एका तुकड्याचा हिशेब करून पाहू. आधी दांड्याने हेडला योग्य वर्तुळावर न्यायला हवं. त्याला सरासरी १२ मिलिसेकंद लागतात. मग हवा तो तुकडा फिरत फिरत हेडखाली येईपर्यंत थांबायचं. पूर्ण फेऱ्याला ११ मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे सरासरी अर्ध्या फेऱ्याचे साडेपाच धरू. दोन्ही मिळून झाले साडेसतरा. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, तेव्हा हा वेळ नगण्य वाटतो. पण या हिशेबाने सेकंदाला जेमतेम ५७ तुकडे वाचून होतात. विंडोज सुरू होताना, त्यात अँटिव्हायरस आणि प्रिंटरचं सॉफ्टवेअर जागं होताना, असे ५००० तुकडे लागले असं समजू. साडेसतरा गुणिले पाच हजार म्हणजे जवळजवळ दीड मिनिट, आणि हा सगळा वेळ निव्वळ हेडच्या येरझाऱ्यांत जातो. वाचनाचा क्रम नीट लावून विंडोज त्यातला काही वेळ वाचवते. डिस्क मात्र तीच राहते. एसएसडीत एका तुकड्याला सुमारे एक दशांश मिलिसेकंद लागतो. तेच ५००० तुकडे अर्ध्या सेकंदात हाती येतात.

टास्क मॅनेजरमधलं एक कोडंही यातूनच सुटतं. 'डिस्क १०० टक्के' असं लाल होऊन दिसत असतं, आणि शेजारी वेग दाखवलेला असतो सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी. डिस्क पूर्ण वेळ गुंतलेली आहे हे खरंच असतं. तिचा वेळ वाचण्यात कमी आणि वाचण्याच्या जागी पोचण्यात जास्त चाललेला असतो. रॅम चार जीबी असेल तर परिस्थिती आणखी बिघडते. जागा पुरत नाही म्हणून विंडोज रॅममधला मजकूर तात्पुरता डिस्कवर टाकते आणि लागेल तसा परत आणते. ब्राउझरचे आठ-दहा टॅब उघडले की हे देणं-घेणं सतत सुरू राहतं आणि लॅपटॉप 'हँग' होतो. एसएसडी बसवल्याने रॅम वाढत नाही, पण हा व्यवहार इतका जलद होतो की चार जीबीचा लॅपटॉपही सुसह्य वाटू लागतो.

टक् टक् कशाची?

डिस्कवरचा मजकूर सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत असतो. आजच्या डिस्कमध्ये एका कप्प्यात ४०९६ बाइट मावतात, आणि चुका पकडून सुधारता याव्यात म्हणून प्रत्येक कप्प्याबरोबर थोडी जास्तीची माहितीही लिहिलेली असते. कप्पा नीट वाचता आला नाही तर डिस्क पुन्हा प्रयत्न करते. प्रत्येक प्रयत्नाला चकतीचा आणखी एक फेरा लागतो. एक खराब कप्पा अशा रीतीने लॅपटॉपला कित्येक सेकंद अडकवून ठेवू शकतो. लॅपटॉप आधीपेक्षा एकाएकी संथ झाला, विशिष्ट फोल्डर उघडतानाच अडू लागला, तर त्याचं कारण बहुधा हे असतं.

आवाजाचं कारण वेगळं. चकतीवर कारखान्यातच जागेच्या खुणा लिहून ठेवलेल्या असतात. आपण कोणत्या वर्तुळावर आहोत हे हेडला या खुणांवरून कळतं. हेड बिघडलं किंवा चकती खरवडली गेली की खुणा वाचता येत नाहीत. दांडा मग मुक्कामाच्या जागी परततो आणि नव्याने शोध सुरू करतो. पुन्हा चुकतो, पुन्हा परततो. त्या प्रत्येक परतीचा ठोका म्हणजे ती टक्.

आवाज सुरू होण्याआधीही डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते. या सोयीला स्मार्ट असं नाव आहे आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्राममध्ये ती नोंद वाचता येते. पाहायच्या ओळी दोनच. खराब ठरवून राखीव जागेत हलवलेले कप्पे किती, ही एक; आणि वाचता न आल्याने अजून निकालात न निघालेले कप्पे किती, ही दुसरी. दोन्हीकडे शून्य असेल तर बरं. आकडे आठवड्यागणिक चढत असतील तर डिस्क बदलायची वेळ आली आहे. सगळ्याच डिस्क अशी पूर्वसूचना देतात असं मात्र नाही. कित्येक सगळे आकडे चांगले दाखवत असतानाच बंद पडतात.

आधी फायली, मग लॅपटॉप

डिस्क कुरकुरू लागली की पहिला मोह होतो तो दुरुस्तीचा प्रोग्राम चालवण्याचा. विंडोजची 'चेक डिस्क' ही सोय फायलींच्या नोंदवहीतल्या चुका दुरुस्त करते. यंत्र म्हणून बिघडत चाललेल्या डिस्कवर ती तासन्‌तास चालवली तर अशक्त हेडवर ताण येतो आणि अर्धवट वाचता येणाऱ्या फायलीही हातच्या जाऊ शकतात. डिस्क फ्रीजमध्ये ठेवणं, हलकेच आपटणं, झाकण उघडून हेड बोटाने सरकवणं, हे सगळे उपाय फायलींच्या जिवावर उठणारे आहेत.

चालणारी पण अशक्त डिस्क असेल तर ती जेवढी कमी फिरेल तेवढं चांगलं. लॅपटॉप बंद करावा, डिस्क बाहेर काढून यूएसबीच्या जोडणीने दुसऱ्या लॅपटॉपला लावावी आणि कशाविना अडेल त्या फायली सर्वांत आधी उतरवाव्यात. सिनेमे आणि गाणी शेवटी. जाणकार यासाठी डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम वापरतात. तो आधी सहज वाचता येणारा सगळा भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतो आणि अडलेल्या जागा मागे ठेवतो. चांगलं ते हाती आलं की मग तो त्या अडलेल्या जागांकडे वळतो. साधं कॉपी-पेस्ट पहिल्याच खराब कप्प्यावर अडून बसतं. हा प्रोग्राम तिथे अडत नाही. डिस्क टक् टक् करत असेल, फिरतच नसेल किंवा संगणकाला दिसतच नसेल, तर घरगुती प्रयत्न थांबवावेत. धूळमुक्त खोलीत हेड बदलून डेटा काढणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. त्यांचा खर्च नव्या डिस्कच्या कित्येक पट होतो, तेव्हा फायलींचं मोल पाहूनच तो करायचा.

मराठी कार्यालयांत आणि सेवा केंद्रांत काही गोष्टी हमखास विसरल्या जातात. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या श्रीलिपीत किंवा सी-डॅकच्या आयएसएममध्ये टाइप केलेली जुनी पत्रं असतात. त्यांचे फॉन्ट उतरवून घेतले नाहीत तर नव्या विंडोजमध्ये तीच पत्रं अगम्य रोमन अक्षरांची भेळ होऊन उघडतात. टॅलीचा डेटा स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतो, 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये तो सापडत नाही. बोटाचा ठसा घेणाऱ्या यंत्राचा आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर पुन्हा टाकावा लागतो. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड डिस्कबरोबरच जातात. आणि विंडोजने डिस्क कुलूपबंद केलेली असेल, म्हणजे बिटलॉकर चालू असेल, तर ४८ आकडी रिकव्हरी की आधीच हाताशी हवी. तिच्याविना डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडूनही काही वाचता येत नाही.

एसएसडी: लिहिणं सोपं, पुसणं महाग

एसएसडी उघडली तर आत हलणारं काहीच सापडत नाही. एका छोट्या पट्टीवर काही काळ्या चिप असतात, बस. या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म पेशी असतात आणि प्रत्येक पेशीत विजेचा भार कोंडून ठेवायची सोय असते. चहूबाजूंनी विद्युतरोधक थर असतो. बाहेरून जास्त विद्युतदाब दिला की इलेक्ट्रॉन त्या थरातून आरपार आत जातात आणि दाब काढला की आतच अडकून राहतात. वीज बंद केली तरी ते तिथेच असतात, म्हणून लॅपटॉप बंद करूनही फायली राहतात. पेशीत भार किती आहे ते मोजलं की लिहिलेलं वाचता येतं. 'भार आहे की नाही' एवढंच पाहिलं तर पेशीत एक बिट मावतो. आज सर्रास मिळणाऱ्या टीएलसी प्रकारात भाराच्या आठ पायऱ्या ओळखल्या जातात आणि एका पेशीत तीन बिट मावतात. स्वस्त क्यूएलसीत पायऱ्या सोळा आणि बिट चार. पायऱ्या जितक्या दाट, तितकी जागा स्वस्त आणि पेशी नाजूक.

या स्मृतीची एक अट विचित्र आहे. ती समजण्यासाठी शाळेतल्या पाट्यांची चळत डोळ्यांपुढे आणावी. कोऱ्या पाटीवर एकेक ओळ लिहिता येते, पण एकच ओळ पुसता येत नाही. पुसायची तर अख्खी पाटी. मधली एक ओळ बदलायची झाली तर काय करायचं? एसएसडीतला व्यवस्थापक, म्हणजे कंट्रोलर नावाची चिप, दुरुस्त ओळ दुसऱ्या कोऱ्या पाटीवर लिहितो आणि जुनी ओळ रद्द झाल्याची नोंद ठेवतो. रिकामा वेळ मिळाला की बऱ्याच रद्द ओळी असलेल्या पाट्या तो निवडतो, त्यांच्यावरच्या कामाच्या ओळी एका नव्या पाटीवर उतरवतो आणि जुन्या पाट्या धुऊन ठेवतो. प्रत्येक पुसण्याने पाटी थोडी झिजते, म्हणून एकच पाटी पुन्हा पुन्हा न घेता सगळ्या पाट्या आळीपाळीने वापरतो. काही पाट्या राखीव ठेवतो, एखादी फुटली की तिच्या जागी घालायला.

एसएसडी वापरताना पाळायचे बहुतेक नियम यातूनच निघतात. ड्राइव्ह काठोकाठ भरली की कोऱ्या पाट्या उरत नाहीत, प्रत्येक लेखनाआधी आवराआवर करावी लागते आणि वेग पडतो. म्हणून दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असावी. हार्ड डिस्कवर तुकडे शेजारी शेजारी आणणारं डीफ्रॅगमेंटेशन उपयोगाचं होतं, इथे त्याने नुसती झीज होते. फाइल डिलीट केली की विंडोज 'या ओळी आता नकोत' असा निरोप कंट्रोलरला देते. त्याला ट्रिम म्हणतात, आणि विंडोज ७ पासून तो आपोआप जातो. त्याची दुसरी बाजूही आहे: हार्ड डिस्कवरून डिलीट झालेली फाइल अनेकदा परत मिळवता येते, एसएसडीवरून ती आशा जवळजवळ नसतेच.

या स्मृतीचा शोध तोशिबा कंपनीतले जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात लावला. १९८४ साली त्यांनी पहिला प्रकार मांडला आणि आजच्या एसएसडीत असलेला नँड प्रकार १९८७ साली. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या सनडिस्क कंपनीने आयबीएमसाठी २० एमबीची एसएसडी बनवली. हीच कंपनी पुढे सॅनडिस्क झाली. तिच्या तीन संस्थापकांपैकी संजय मेहरोत्रा हे कानपूरमध्ये जन्मलेले अभियंते. पुढे ते मायक्रॉनचे प्रमुख झाले. त्याच मायक्रॉनच्या गुजरातमधल्या साणंद इथल्या चिप जुळणी आणि चाचणी प्रकल्पाला केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये मंजुरी दिली. चकत्यांची कहाणी याहून जुनी. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्क यंत्रात २४ इंची ५० चकत्या होत्या, वजन टनाच्या घरात होतं आणि त्यात मावत होती पन्नास लाख अक्षरं. आजच्या फोनमधल्या एका फोटोइतकी.

कोणती बसेल?

दुकानात 'एसएसडी द्या' एवढं म्हणून भागत नाही, कारण तिचे आकार आणि भाषा वेगवेगळ्या आहेत. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्कची जागा असते. तिथे अडीच इंची साटा एसएसडी बसते. तिची जाडी ७ मिलिमीटर असते. जुना कप्पा साडेनऊचा असेल तर सोबतची पातळ चौकट लावून ती घट्ट करतात. नव्या लॅपटॉपमध्ये २२ मिलिमीटर रुंद आणि बहुधा ८० मिलिमीटर लांब अशी पट्टी बसते. तिला एम.२ म्हणतात. इथे फसगत होते, कारण सारख्याच दिसणाऱ्या पट्ट्यांपैकी काही साटा भाषेत बोलतात आणि काही एनव्हीएमई भाषेत. लॅपटॉपला कोणती कळते हे मॉडेल क्रमांकावरून आधी पाहून घ्यावं. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये तर स्मृतीची चिप मदरबोर्डलाच डाख देऊन जोडलेली असते. ती बदलता येत नाही.

साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीपर्यंत वाचते, एनव्हीएमई ३००० एमबी आणि त्याहूनही पुढे. खोक्यावरचे हे आकडे सलग वाचनाचे असतात. दाखले, हिशेब, ब्राउझर अशा रोजच्या कामांत खरी झेप असते ती हार्ड डिस्ककडून एसएसडीकडे जाताना. साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक त्या मानाने थोडा जाणवतो. जुन्या लॅपटॉपसाठी साटावर समाधान मानण्यात काही तोटा नाही.

पाचशे जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसते म्हणून दुकानदाराशी वाद घालू नये. कंपनी जीबी मोजते शंभर कोटी बाइटचा आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, जागा तेवढीच. नावाजलेल्या कंपनीचं नाव छापलेल्या नकली एसएसडी मात्र बाजारात खरोखर आहेत. बिल आणि वॉरंटी देणाऱ्या दुकानातून, मग ते संभाजीनगरचं असो, पुण्याच्या तपकीर गल्लीतलं असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचं, अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासूनच ती घ्यावी. २०२५ च्या अखेरीपासून डेटा सेंटरांच्या मागणीमुळे एसएसडीतल्या चिपचे भाव चढले आहेत, त्यामुळे फारच स्वस्त मिळणाऱ्या मालाबद्दल शंका घेतलेली बरी.

स्क्रू उघडताना

बदलण्याचं काम अर्ध्या-पाऊण तासाचं. लॅपटॉप पूर्ण बंद करून चार्जर काढायचा. खालचे स्क्रू निघतील त्याच क्रमाने कागदावर मांडत जायचे, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरचा कीबोर्ड उचलतो. झाकण प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने कडेने सोडवायचं. सगळ्यांत आधी बॅटरीची तार सुटी करायची. अंगावरची स्थिर वीज उतरावी म्हणून एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून मगच आतल्या भागांना स्पर्श करायचा. जुनी डिस्क चौकटीसकट बाहेर ओढली की चौकट नव्या एसएसडीला लावायची आणि जोड सरळ रेषेत दाबून बसवायचा. एम.२ पट्टी तिरकी खोवून खाली दाबली की एका स्क्रूने पक्की होते.

यापुढे दोन वाटा. जुनी डिस्क ठणठणीत असेल आणि फक्त वेग हवा असेल तर ती जशीच्या तशी एसएसडीवर उतरवता येते. त्याला क्लोन करणं म्हणतात. डिस्क बिघडलेली असेल तर क्लोनबरोबर मोडक्या फायलीही नव्या घरी येतात. तेव्हा विंडोज नव्याने टाकून फायली मागाहून आणणंच चांगलं. विंडोज १० आणि ११ चा परवाना मदरबोर्डशी बांधलेला असतो, म्हणून डिस्क बदलली तरी त्याच आवृत्तीसाठी तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपना विंडोज ११ चालत नाही. अशा वेळी लिनक्स मिंट किंवा सी-डॅकची बॉस ही लिनक्स प्रणाली टाकता येते. ठशाचं यंत्र आणि डिजिटल सही तिच्यावर चालते का, हे मात्र सेवा केंद्रांनी आधी पाहावं.

एवढं करूनही काही गोष्टी बदलत नाहीत. सरकारी पोर्टलचा सर्व्हर धीमा असेल तर तो धीमाच राहतो. इंटरनेटचा वेग तोच राहतो.

चौकट: ड्राइव्ह बदलण्याआधी
– ज्यांच्याविना अडेल अशा फायली आधी उतरवा. अशक्त डिस्कवर दुरुस्तीचे प्रोग्राम चालवू नका.
– टक् टक् ऐकू आली तर लॅपटॉप लगेच बंद करा.
– मराठी फॉन्ट, टॅलीचा डेटा, पासवर्ड आणि बिटलॉकरची की विसरू नका.
– लॅपटॉपचा मॉडेल क्रमांक पाहून साटा की एनव्हीएमई ते ठरवा.
– स्क्रू काढल्यावर पहिलं काम बॅटरीची तार सोडवण्याचं.
– नव्या ड्राइव्हवर दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवा.

एसएसडीही जाते, न सांगता

पेशी झिजतात हे ऐकून अनेकांना एसएसडी अल्पायुषी वाटते. ५०० जीबीच्या चांगल्या टीएलसी ड्राइव्हला कंपनी बहुधा ३०० टीबी लेखनाची हमी देते. रोज २० जीबी लिहिलं, जे सेवा केंद्रातल्या कामासाठी भरपूर आहे, तर ही हमी संपायला १५ हजार दिवस, म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं लागतील. पेशी झिजून एसएसडी गेल्याची उदाहरणं घरगुती वापरात क्वचितच असतात. जाते ती कंट्रोलर बिघडल्याने, विजेच्या झटक्याने किंवा आतल्या प्रोग्राममधल्या दोषाने. आणि जाताना आवाज करत नाही. काल चालू होती, आज लॅपटॉपला दिसत नाही, एवढंच.

कपाटात ठेवून देण्यासाठीही ती योग्य नाही. इलेक्ट्रॉन कोंडणारा थर अगदी हवाबंद नसतो. भार हळूहळू गळतो आणि उष्णतेत लवकर गळतो. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या अटीनुसार, लेखनाची पूर्ण हमी वापरून झालेल्या साध्या एसएसडीने ३० अंश तापमानात विजेविना किमान एक वर्ष मजकूर टिकवला पाहिजे. नवी ड्राइव्ह याहून पुष्कळ जास्त टिकते. पण मराठवाड्यातल्या मे महिन्यातल्या पत्र्याच्या खोलीत वर्षानुवर्षं जुन्या नोंदी ठेवायच्या असतील, तर एकट्या एसएसडीवर भिस्त ठेवू नये.

यावर उपाय ३-२-१ या सूत्राचा. महत्त्वाच्या फायलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. सेवा केंद्रासाठी त्याचा अर्थ सोपा आहे: एक प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर, तिसरी ऑनलाइन किंवा घरी. मोठ्या कंपन्यांना तर कर्मचाऱ्यांच्या लॅपटॉपची प्रत आपोआप घेणारी सेवा लागते. पुण्यात २००८ साली सुरू झालेल्या ड्रुवा या कंपनीचा व्यवसाय याच गरजेवर उभा राहिला. बाहेरची डिस्क प्रत घेऊन झाल्यावर सुटी करून ठेवावी. सतत जोडलेली राहिली तर विजेचा झटका किंवा व्हायरस दोन्ही प्रती एकदम नेतो.

जुनी डिस्क कुठे जाते?

बदललेली डिस्क दुकानातच सोडून यायची पद्धत आहे. ही पद्धत बंद करायला हवी. सेवा केंद्राच्या डिस्कवर शेकडो कुटुंबांची आधार कार्डं, बँक पासबुकं आणि उत्पन्नाचे तपशील स्कॅन होऊन पडलेले असतात. फॉरमॅट मारला तरी हार्ड डिस्कवरचा मजकूर बऱ्याचदा परत मिळवता येतो. डिस्क चालत असेल तर तिच्यावर सगळीकडे शून्य लिहिणारा प्रोग्राम एकदा पूर्ण चालवावा. चालत नसेल तर झाकण काढून चकत्या फोडाव्यात. त्या काचेच्या असल्याने तुकडे उडतात, तेव्हा डिस्क जाड कापडात गुंडाळून आणि डोळ्यांना चष्मा लावूनच फोडावी. एसएसडी विकायची असेल तर तिच्या कंपनीच्या प्रोग्राममधली 'सिक्युअर इरेज' ही सोय वापरावी, कारण पाट्या आळीपाळीने वापरणाऱ्या कंट्रोलरमुळे वरून शून्य लिहिल्याने सगळ्या पेशी पुसल्या जातीलच असं नाही.

फोडलेली डिस्क कचराकुंडीत टाकायची नाही. तिच्यात ॲल्युमिनियम, तांबं आणि दांडा हलवणारी निओडिमियमची शक्तिशाली चुंबकं असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी विकलेल्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रांची यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. तालुक्यातल्या चार-पाच सेवा केंद्रांनी आणि शाळांनी आपल्या जुन्या डिस्क, बॅटऱ्या आणि चार्जर एकत्र करून वर्षातून एकदा अशा पुनर्वापर केंद्राकडे पाठवले, तर प्रत्येकाची स्वतंत्र फेरी वाचते आणि लोकांची कागदपत्रं भंगाराच्या ढिगात जात नाहीत.